‘ब्लू’ : पाणी पास, गोष्ट नापास

१६ ऑक्टोबर २००९, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. दिवाळीच्या त्या एकाच शुक्रवारी तीन हिंदी चित्रपट लागले: ‘ब्लू’, ‘ऑल द बेस्ट’ आणि ‘मैं और मिसेस खन्ना’. तिघांत सगळ्यात जास्त गाजावाजा ‘ब्लू’चा होता. अक्षय कुमार, संजय दत्त, लारा दत्ता, झायेद खान अशी फळी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्कर घेऊन आलेले ए. आर. रहमान संगीताला आणि रसूल पूकुट्टी ध्वनीला. ‘चिगी विगी’ गाण्यात खुद्द कायली मिनोग. आणि या सगळ्याच्या वर एक मोठं वचन: हिंदीत आजवर झालं नाही असं समुद्राखालचं थरारनाट्य, बहामाच्या पाण्यात, खऱ्या शार्कांसोबत चित्रित केलेलं. त्या काळातल्या सर्वांत खर्चिक हिंदी चित्रपटांमध्ये त्याचं नाव घेतलं जात होतं.

सुरुवातीची गर्दी टिकली नाही. सुट्टीचे दिवस सरता सरता खेळ रिकामे पडू लागले आणि चित्रपट पडला, असा शिक्का धंद्यातल्या लोकांनी मारला. समीक्षकांचं आणि साध्या तिकीटवाल्या प्रेक्षकाचं फारसं एकमत होत नाही, पण इथे झालं. मी दिवाळीच्या सुट्टीत तो पाहिला तेव्हा बाहेर पडताना आजूबाजूला जे ऐकू आलं, तेच दुसऱ्या दिवशी ओळखीच्यांकडून ऐकलं आणि तेच परीक्षणांत वाचलं: पाण्याखालचं भारी आहे, पण पिक्चरमध्ये दम नाही.

या प्रकरणात मला अभ्यासायचं आहे ते हे वाक्य. ‘कथा कमजोर होती’ एवढं म्हणून ते मिटत नाही. कमजोर कथेचे कितीतरी चित्रपट दिवाळीत चालले आहेत. खरा प्रश्न असा की ज्या चित्रपटाचं पाणी सगळ्यांना आवडलं, त्या पाण्यात कुणाचाही जीव का टांगणीला लागला नाही?

आधी गोष्ट

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आणि शेवटही सांगणार आहे, कारण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सागर (संजय दत्त) हा बहामात राहणारा कसलेला पाणबुड्या. तो आरवकडे (अक्षय कुमार) कामाला आहे. आरव श्रीमंत, बिनधास्त, आणि सागरचा दोस्तही. कित्येक वर्षांपूर्वी बुडालेलं ‘लेडी इन ब्लू’ नावाचं जहाज कुठे आहे हे सागरला ठाऊक आहे, पण त्या जागेशी त्याच्या वडिलांच्या मृत्यूची आठवण जोडलेली असल्याने तो तिकडे फिरकायला तयार नाही. आरवला मात्र त्या खजिन्याचा ध्यास लागलेला. सागरची मैत्रीण मोना (लारा दत्ता). धाकटा भाऊ सॅम (झायेद खान) तिकडे बँकॉकमध्ये मोटारसायकली उडवत असतो आणि एका गुंडाचा (राहुल देव) मोठा माल गमावून बसतो. पैसे फेडायचे म्हणून तो भावाकडे येतो, मागोमाग गुंड येतो, मोनाला पळवून नेलं जातं, आणि सागरला अखेर समुद्रात उतरावं लागतं. शेवटी कळतं की हा सगळा बनाव आरवचाच होता. बुडालेल्या जहाजाचा कप्तान हा त्याचा आजोबा.

कागदावर वाचताना हे वाईट वाटत नाही. बापाच्या मरणाची जागा, मित्राचा विश्वासघात, आजोबाचं जहाज. मराठी नाटकवाल्याच्या हाती हा ऐवज दिला असता तर त्याने तीन अंकांत माणसांना घाम फोडला असता. म्हणूनच मला वाटतं की बिघाड कल्पनेत नाही, मांडणीत आहे. आणि तो नेमका कुठे आहे हे दाखवायला दोन जुन्या चित्रपटांची मदत घ्यावी लागते.

धोका कुठे ठेवला?

१९७७ साली ‘द डीप’ आला. पीटर बेंचली यांच्या कादंबरीवर पीटर येट्स यांनी तो केला. बर्म्युडात सुट्टीवर आलेलं एक जोडपं पाण्यात डुबक्या मारताना दोन वस्तू वर आणतं: जुन्या स्पॅनिश काळातला एक ऐवज आणि काचेची एक छोटी कुपी. कुपीत मॉर्फिन. एकाच जागी दोन जहाजं एकावर एक बुडालेली आहेत. खालचं शेकडो वर्षांपूर्वीचं, वरचं दुसऱ्या महायुद्धातलं, औषधं आणि दारूगोळा घेऊन जाणारं. खजिना हवा असेल तर मॉर्फिनमधून वाट काढायची, मॉर्फिनवर गुंडांचा डोळा, आणि सगळ्याखाली स्फोटकं.

२००५ सालचा ‘इन्टू द ब्लू’ बहामातला. तिथेही तरुण पाणबुड्यांना जुन्या जहाजाचे अवशेष सापडतात, आणि जवळच तळाशी पडलेलं एक विमान, कोकेनने भरलेलं. विमानाची खबर पोलिसांना द्यावी तर जहाजावरचा आपला हक्क जाईल, न द्यावी तर गुन्ह्यात वाटा.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे, आणि ती मला या प्रकाराची किल्ली वाटते: तळाशी एक माल नाही, दोन आहेत. एक हवाहवासा, दुसरा जीवघेणा, आणि दोन्ही शेजारी शेजारी. त्यामुळे पात्र पाण्यात उतरलं की ते खजिन्याकडेही जात असतं आणि संकटाकडेही. प्रत्येक बुडीला दुहेरी अर्थ येतो. कॅमेऱ्यासमोर नुसती काचेची कुपी आली तरी पोटात गोळा येतो, कारण ती काय आहे हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

‘ब्लू’मध्ये खजिना समुद्रात आहे आणि धोका बँकॉकमध्ये. गुंड जमिनीवर, बंदुका जमिनीवर, मोटारसायकलींचा पाठलाग जमिनीवर, अपहरण जमिनीवर, आणि शेवटचा खुलासाही तसाच, बोलून सांगितलेला. पाण्यात काय? निळाई, मासे, शार्क आणि सुंदर देह. खजिन्याची जागा तर सागरला पहिल्यापासून माहीत, म्हणजे शोधही नाही. ‘खजिन्याचा शोध’ असं ज्याचं वर्णन करायचं, त्या चित्रपटात शोधच घ्यायचा नसेल, तर प्रेक्षकाने नकाशावर बोट ठेवून काय करावं?

यामुळेच प्रत्येक वेळी पात्रं पाण्यात उतरली की गोष्ट थांबायची. आपल्याकडे गाणं लागलं की काही मंडळी बाहेर जाऊन येत, तसं इथे समुद्रदर्शन लागत होतं. लोकांनी त्याचं कौतुक केलं तेही गाण्याचं करावं तसं: ‘ते दृश्य काय घेतलंय!’ त्या दृश्यात पुढे काय होईल याची धास्ती मला कुणाच्या बोलण्यात ऐकू आली नाही.

पण इथे एक गाठ सोडवायला हवी. ‘द डीप’ची परीक्षणंही काही गोड नव्हती. पटकथेची त्या काळच्या समीक्षकांनी बरीच चिरफाड केली होती. तरी सुमारे ९० लाख डॉलरच्या त्या चित्रपटाने एकट्या उत्तर अमेरिकेत साडेचार कोटी डॉलरच्या वर कमाई केली. उलट ‘इन्टू द ब्लू’ची रचना त्याच धाटणीची असूनही त्याने जगभरात मिळून आपला सुमारे ५ कोटी डॉलरचा खर्चही भरून काढला नाही. म्हणजे दोन माल ठेवले की चित्रपट चालतो असं गणित नाही. १९७७ मध्ये पाण्याखालचं जग मोठ्या पडद्यावर इतकं जवळून पाहणं हेच नवल होतं, २००५ पर्यंत ते घरोघरच्या टीव्हीवर येऊन पोचलं होतं. २००९ मध्ये हिंदी प्रेक्षकाला ‘पहिल्यांदाच’ असं सांगून बोलावलं, तेव्हा तो प्रेक्षक शार्क आणि प्रवाळ निसर्गवाहिन्यांवर रोज बघत होता. नवलाईची किंमत पहिल्या दहा मिनिटांत फिटली. उरलेल्या वेळासाठी काहीतरी वेगळं लागणार होतं.

हवा

ते वेगळं काय असू शकतं? माझ्या मते ते पाठीवरच्या सिलिंडरमध्येच होतं.

समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा जितका दाब असतो तितक्याने) वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर चार. पाणबुड्याला श्वासात मिळणारी हवाही त्याच दाबाची असते, म्हणून तीस मीटर खाली प्रत्येक श्वास वरच्या चार श्वासांइतकी हवा खातो. साधा बारा लिटरचा सिलिंडर २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दाबाने भरला तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाला मिनिटाला वीस लिटर धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. तीस मीटरवर अर्धा तास. त्यातली काही राखीव ठेवायची म्हटली की वीस-बावीस मिनिटं. आणि माणूस घाबरला, झटापट करू लागला, तर हे आकडे आणखी निम्म्यावर येतात.

घाई करून वर येण्याचीही सोय नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो, नाहीतर त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जारज्जूत अडकतात. श्वास रोखून झपकन वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते. दहा मीटरवरून वर येईपर्यंत ती दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकतं. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगीही चढू लागते. माणूस दारू प्यायल्यासारखा निवांत होतो आणि चुकीचे निर्णय आनंदाने घेतो.

थरारपट लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं? वर जायची घाई केली तर मरण, खाली थांबलं तर मरण, आणि डोकं नेमकं तिथेच धोका देणार. रेल्वेच्या रुळावर बांधलेल्या माणसालाही इतकी चोख कोंडी मिळत नाही. पण ती प्रेक्षकाला कळायची असेल तर आधी, जमिनीवर, कोरड्या जागी, दोन मिनिटं खर्च करून सांगावी लागते. कारण खाली गेल्यावर कुणी बोलू शकत नाही. तोंडात सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर आहे, चेहरा मास्कमागे आहे, आणि पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चारपटींहून वेगाने धावत असल्याने तो कुठून येतोय हेही कानाला कळत नाही. अभिनेत्याची सगळी हत्यारं काठावरच काढून घेतली जातात. मग उरते ती एकच गोष्ट, प्रेक्षकाला आधीच असलेली माहिती.

मालवणला पहिल्यांदा सिलिंडर लावून उतरलो तेव्हा मला जे आठवतं ते प्रवाळ नाहीत. आठवतो तो स्वतःच्या श्वासाचा आवाज. आत घेताना घर्र, सोडताना बुडबुड्यांचा गडगडाट. मधल्या शांततेत मी नकळत मोजत होतो. प्रशिक्षकाने उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजवरचा काटा बोटाने दाखवला, तेव्हा त्या इवल्या काट्याकडे मी कुठल्याही सिनेमातल्या बॉम्बच्या घड्याळापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिलं.

‘ब्लू’ पाहताना अशी मोजणी माझ्या मनात एकदाही सुरू झाली नाही. किती खोल आहेत, किती वेळ झाला, किती हवा राहिली, यातलं काही मला जाणवलं नाही. हातात पूकुट्टींसारखा ध्वनीचा जाणकार असताना श्वासाला पात्र करता आलं असतं, याची मला आजही हळहळ वाटते. त्याऐवजी बुडीवर संगीत होतं. रहमान यांचं संगीत ऐकायला सुरेख आहे, प्रश्न तो नाही. पण सतत वाजणारं संगीत प्रेक्षकाला आश्वासन देतं की सगळं ठीक आहे, तू सुंदर गोष्ट बघतोयस. भीतीला शांतता लागते.

शार्क

जाहिरातीत शार्क आघाडीवर होते, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मांडतो. पण थोडक्यात.

बहामाच्या पाण्यात डायव्हर मंडळींना नेहमी भेटतात ते बहुतेक कॅरिबियन रीफ शार्क. अन्नाचं आमिष दाखवून त्यांना एका जागी जमवणं हा तिथल्या पर्यटनाचा रुळलेला भाग आहे. शार्क खरे वापरले याचा अभिमान निर्मात्यांना होता आणि तो रास्त होता, संगणकावर शार्क काढणं त्यामानाने बिनधोक्याचं. पण प्रेक्षकाला शार्क खरा आहे की खोटा याने भीती वाटत नाही. शार्क आपल्या माणसाचं काय करणार या प्रश्नाने वाटते. ‘ब्लू’त शार्क झुंडीने येतात, पात्रं त्यांच्यातून पोहत जातात, आणि काही वेळाने ते ताडोबातल्या हरणांइतके सवयीचे होतात. पहिला शार्क दिसला तेव्हा माझ्या रांगेतल्या एका लहान मुलीने आईचा हात धरला होता. मध्यंतरानंतर तीच मुलगी शार्क मोजत होती.

ज्यांनी पाणी उभं केलं

निकाल प्रेक्षकांनी दिला आणि तो मला मान्य आहे. पण ‘पाण्याखालचं भारी आहे’ हे अर्धं वाक्य ज्यांच्या कष्टांवर उभं आहे, त्यांना या प्रकरणात जागा मिळायलाच हवी.

चित्रपटाचे छायाचित्रकार लक्ष्मण उतेकर. पुढे त्यांनी मराठीत ‘टपाल’ आणि ‘लालबागची राणी’ दिग्दर्शित केले, हिंदीत ‘मिमी’ आणि २०२५ मध्ये ‘छावा’. ‘ब्लू’च्या वेळी हे नाव फारसं कुणाच्या ओठांवर नव्हतं. पाण्याखालच्या कॅमेऱ्यासाठी पीट झुकारिनी होते, ज्यांनी ‘इन्टू द ब्लू’साठीही तेच काम केलं होतं.

पाण्यात पहिले काही मीटर खाली गेलं की लाल रंग नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. रक्तसुद्धा खोल पाण्यात काळपट-हिरवट दिसतं. त्वचेचा रंग परत मिळवायचा तर दिवे खाली न्यावे लागतात, आणि पाण्यातले तरंगते कण त्या दिव्यात चमकून चित्र खराब करतात. दिग्दर्शकाला ‘कट’ म्हणून ओरडता येत नाही. एक चूक झाली की नट, मदतनीस आणि कॅमेरा सगळ्यांना पुन्हा जागेवर यायला वेळ, आणि वेळ म्हणजे हवा. इतक्या अडचणींतून निघालेली चित्रं पडद्यावर स्वच्छ, खोल आणि डोळे निववणारी होती. दिग्दर्शक अँथनी डिसूझा यांचा हा पहिला चित्रपट. पहिल्याच खेपेला एवढं ओझं उचलणाऱ्या माणसाच्या हिमतीला मी कमी लेखत नाही.

आणि लारा दत्ता. तिने स्वतःच नंतर सांगितलं आहे की तिला पाण्याची भीती होती, पोहता येत नव्हतं. २००३ सालच्या ‘अंदाज’च्या चित्रीकरणात ती बुडता बुडता वाचली होती आणि तेव्हा तिला अक्षय कुमारने सावरलं होतं. ‘ब्लू’साठी ती पोहायला शिकली, मग सिलिंडर लावून उतरायला शिकली. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. ज्या बाईला पाण्याची खरी धास्ती आहे, तिला तुम्ही पाण्यावरच्या थरारपटात घेता, आणि तिचं पात्र मात्र पाण्यात सराईत! तीच धास्ती मोनाला दिली असती तर? सागरला तळाशी जायचं नाही कारण बाप तिथे गेला, मोनाला जायचं नाही कारण तिला पाणी सोसत नाही, आणि तरी दोघांना जावं लागतं. अपहरणाची गरजच पडली नसती. गोष्ट सेटवर, नटीच्या अंगात हजर होती आणि पटकथेने तिला विचारलंच नाही.

त्याऐवजी प्रसिद्धीत तिचे पोहण्याच्या कपड्यांतले फोटो पुढे आले. ‘द डीप’च्या वेळी जॅकलीन बिसेटच्या बाबतीत हेच घडलं होतं. ओल्या टी-शर्टमधल्या तिच्या दृश्यावर जाहिरात उभी केली गेली आणि तिने त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. जाहिरात जे वचन देते त्याच मापाने प्रेक्षक मोजतो. देह आणि शार्क दाखवून बोलावलेल्या प्रेक्षकाने देह आणि शार्क पाहिले, आणि पैसे वसूल झाले का एवढंच तपासलं.

त्याच शुक्रवारचा दुसरा चित्रपट

संजय दत्त त्या शुक्रवारी दोन पडद्यांवर होता. ‘ब्लू’त आणि रोहित शेट्टीच्या ‘ऑल द बेस्ट’मध्येही. दुसरा चित्रपट म्हणजे घरातल्या घरात चाललेली खोटेपणाची धमाल, त्याला समुद्र लागला नाही. पण त्याचं तिकीट लोकांनी एकमेकांना सांगून घेतलं, आणि दिवाळीनंतर टिकून राहिला तो तोच. एकाच नटाला एकाच दिवशी दोन निकाल मिळाले. संजय दत्तचं वय, त्याचं वजन, पाण्यात तो शोभतो की नाही यावर तेव्हा बरीच टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. म्हातारा होत चाललेला, बापाच्या आठवणीने खचलेला पाणबुड्या म्हणून तो चेहरा उत्तम होता, त्याला खचायला वेळ दिला गेला नाही.

खजिना कुणाचा?

आता ज्या गोष्टीवर मी या चित्रपटापाशी पुन्हा पुन्हा येतो ती. ‘लेडी इन ब्लू’च्या पोटात काय आहे हे आपल्याला सांगितलं जातं, पण ते वर यावं असं आपल्याला वाटत नाही. चकाकणारा ढीग, बस. त्या ढिगावर कुणाचं नाव नाही.

खऱ्या समुद्रात तसं नसतं. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेलं ‘आतोचा’ हे स्पॅनिश जहाज शोधायला मेल फिशर यांनी सोळा वर्षं घालवली. त्या शोधात १९७५ मध्ये बोट उलटून त्यांचा मुलगा आणि सून गेले. फिशर थांबले नाहीत, आणि २० जुलै १९८५ रोजी मुख्य साठा सापडला. त्या चांदीकडे पाहताना त्या बापाला काय दिसलं असेल हा विचार कुठल्याही पटकथेपेक्षा जड आहे. सागरच्या बापाचं मरण हीच शक्यता होती, फक्त ती एका आठवणीत उरकली.

आणि आपल्याकडे बघायचं तर फार लांब जावं लागत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात स्फोटकं होती, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. ज्वलंत कापूस आणि सोनं शहरावर उडालं, शेकडो माणसं मेली, आणि गोदीचा गाळ उपसताना त्यातल्या विटा कित्येक दशकांनंतरही सापडल्या. एकाच जहाजात हवासा माल आणि जीवघेणा माल, शेजारी शेजारी. जुन्या मुंबईकरांच्या घरांत त्या दुपारच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. तशी सोन्याची वीट पडद्यावर गाळात दिसली असती तर प्रेक्षकाचे हात आपोआप मागे आले असते.

दुसरं जहाज ‘गेरसोप्पा’. शरावती नदीवरच्या जोगच्या धबधब्याचंच दुसरं नाव गेरसोप्पा, ते त्याला दिलेलं. १९४० च्या डिसेंबरात ते कलकत्त्याहून चहा, लोखंड आणि चांदी भरून इंग्लंडला निघालं. फेब्रुवारी १९४१ मध्ये कोळसा कमी पडू लागल्याने ताफा सोडून आयर्लंडच्या दिशेने वळलं आणि जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून ते बुडवलं. जहाजावरच्या ऐंशीहून अधिक माणसांतून एकटा सेकंड ऑफिसर जिवंत राहिला. तेरा दिवस उघड्या बोटीत काढून तो किनाऱ्याला लागला. बुडालेल्यांत बरेच भारतीय खलाशी होते.

२०११ मध्ये, म्हणजे ‘ब्लू’नंतर दोनच वर्षांनी, ते जहाज साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवर सापडलं. यंत्रांनी शंभर टनांहून जास्त चांदी वर काढली. टायटॅनिक जिथे आहे त्याहूनही हे खोल, तिथे कुठला अक्षय कुमार पोहत जाणार नाही.

पण चांदीसोबत आणखी एक गोष्ट वर आली. टपालाच्या थैल्या. वर दाबून बसलेल्या मालामुळे आणि काळोखामुळे कागद कुजला नव्हता. सातशेहून अधिक पत्रं निघाली, हिंदुस्थानातून घरी लिहिलेली, नाताळाच्या शुभेच्छांची, खुशालीची, प्रेमाची. सत्तर वर्षं कुणी न उघडलेली. जपणूक करणाऱ्यांनी ती एकेक पान सुटी करून वाळवली, आणि २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात ती लोकांना पाहायला मिळाली. शाई अजून वाचता येत होती.